ताबोच्या मातीच्या मंदिरात

प्रवासाला निघण्यापूर्वी वही घालण्याची माझी जुनी सवय आहे. कोणत्या दिवशी कोठून निघावयाचे, किती वाजता कोठे पोचावयाचे, काय पाहावयाचे आणि त्याला किती वेळ द्यावयाचा, हे सारे मी महिनाभर आधी रकाने आखून लिहून ठेवतो. वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवण्यात गेली. वेळापत्रकावाचून जगाचे काही चालत नाही, अशी माझी समजूत होऊन बसली आहे. घरातील मंडळी या वहीला 'सरकारी गॅझेट' म्हणतात. गेल्या मे महिन्यात आम्ही तिघे, म्हणजे मी, सौ. आणि आमची अकरावीतली कन्या, हिमाचल प्रदेशातील किन्नौर आणि स्पिती ही उंच खोरी पाहावयास गेलो. त्या वहीत सातव्या दिवसापुढे अशी नोंद आहे : 'ताबो. बौद्ध मंदिर, इ. स. ९९६. वीस मिनिटे.'

त्या वीस मिनिटांची ही हकीकत आहे.

सहलीची मूळ कल्पना माझी नव्हती, सौ.ची होती. ती मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. विद्यार्थिदशेत ती अजिंठ्याला आठवडाभर राहून भित्तिचित्रांच्या नकला करून आली होती, आणि त्या नकला आजही आमच्या ट्रंकेत मलमलीच्या कापडात गुंडाळलेल्या आहेत. ताबोला 'हिमालयातील अजिंठा' म्हणतात हे तिने कोठेसे वाचले आणि तेव्हापासून, 'एकदा तिकडे जाऊ या हो,' हे पालुपद सुरू झाले. कल्पना तिची, वही माझी. घोटाळा तेथेच झाला.

सतलजच्या काठाने

सिमल्याहून निघालेला रस्ता नारकंड्यावरून खाली उतरतो आणि सतलजला मिळतो. मग दोन दिवसांच्या वाटेत तो तिची सोबत फारशी सोडत नाही. हा जुना हिंदुस्थान-तिबेट मार्ग. लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दीत १८५० मध्ये त्याचे काम सुरू झाले. आजचा मोटाररस्ता काही ठिकाणी कडा आतून पोखरून काढला आहे. डोक्यावर खडकाचे छत, एका हाताला भिंत आणि दुसऱ्या हाताला काहीच नाही! खाली मातकट सतलज खळाळत असते. आमचे चालक किन्नौरचेच, साठीच्या घरातले. डोक्यावर हिरव्या पट्टीची किन्नौरी टोपी. त्यांनी पहिल्याच वळणावर मला सांगितले, "मास्टरजी, खाली बघायचं नाही, आणि घड्याळाकडे तर मुळीच नाही." पहिली सूचना मी ताबडतोब पाळली.

सराहनला आम्ही भीमाकालीचे मंदिर पाहिले. बुशहरच्या राजघराण्याची ही कुलदेवता. देवदाराच्या तुळया आणि दगड यांचे एकाआड एक थर देऊन या भिंती उभारतात. धरणी हादरली की लाकूड थोडेसे हलते, दगडाला सामावून घेते आणि भिंत उभी राहते. भूकंपाच्या प्रदेशात शेकडो वर्षांच्या अनुभवातून आलेले हे शहाणपण.

तेथून बास्पा नदीचे सांगला खोरे. ज्यांनी काश्मीर पाहिले आहे त्यांनाही हे खोरे पाहताना थबकावे लागेल. खाली सफरचंदाच्या बागा, मध्ये देवदाराचे काळसर हिरवे पट्टे, वर बर्फ, आणि या सर्वांमधून दगडगोट्यांवर फेसाळत जाणारी शुभ्र बास्पा. गावावरच्या टेकाडावर कामरूचा लाकडी मनोऱ्याचा किल्ला आहे. बुशहरच्या राजांचे हे मूळ ठाणे. आत जाणाऱ्याला डोक्यावर टोपी आणि कमरेला पट्टा बांधावा लागतो. त्या वेषातील माझे छायाचित्र कन्येने घेतले असून ते नातेवाइकांत फिरत आहे. खोऱ्याच्या टोकाला चितकुल, सुमारे ३,४५० मीटर उंचीवरचे शेवटचे गाव. त्याच्यापुढे फक्त डोंगर, आणि डोंगरांपलीकडे तिबेट.

कल्प्याला पोचलो तेव्हा संध्याकाळ होती. समोर किन्नर कैलासाची ६,०५० मीटर उंचीची रांग आणि तिच्या धारेवर उभी असलेली ती शिवलिंगासारखी शिळा. कल्प्याचे जुने नाव चिनी. या गावाचे नाव आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान बहुतेक ठिकाणी १९५२ च्या आरंभी झाले. पण येथे तोवर बर्फ पडून वाटा बंद होणार, म्हणून १९५१ च्या ऑक्टोबरातच मतदान घेण्यात आले. तेव्हा मत देणारे श्यामसरण नेगी हे शाळामास्तर देशाचे पहिले मतदार म्हणून ओळखले गेले. ते १०५ वर्षे जगले. ५ नोव्हेंबर २०२२ रोजी ते वारले, त्याच्या तीनच दिवस आधी त्यांनी टपालाने शेवटचे मत दिले होते. मास्तरकीच्या पेशाचा मला त्या संध्याकाळी फार अभिमान वाटला.

रात्री जेवताना चालक म्हणाले, "मास्टरजी, उद्या नाकोला नाही तर ताबोला मुक्काम करा. एका दिवसात काझा गाठू नका. तिथली हवा पातळ आहे."

मी वही उघडून दाखवली. तीत काझा लिहिले होते.

वीस मिनिटे

पहाटे पाचला निघालो. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. संगमानंतर आमचा रस्ता सतलजला सोडून स्पितीच्या बाजूने वर चढू लागला आणि तासाभरात जगच बदलले. झाडे संपली. हिरवे म्हणून काही उरले नाही. पिवळे, तांबूस, राखी, जांभळट असे नुसते मातीचे आणि दगडाचे डोंगर. आपल्याकडे महाबळेश्वरला पाऊस कोसळत असताना पूर्वेच्या माणदेशात शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. तेच येथे फार मोठ्या प्रमाणावर घडते. दक्षिणेकडच्या उंच रांगा पावसाळी ढग अडवून धरतात आणि स्पितीच्या वाट्याला मुख्यतः हिवाळ्याचे बर्फ येते. ते बर्फ वितळले की त्याच्या ओहोळांवर सातू आणि मटार पिकवावयाचे. सुमारे ३,६०० मीटर उंचीवरच्या नाकोत एक लहानसे तळे आहे. त्याच्या काठच्या झाडांची हिरवाई त्या ओसाडीत इतकी नवलाची वाटते की कन्येने मोटार थांबवावयास लावली. मी पाच मिनिटे मंजूर केली.

दुपारी बाराला ताबो आले. बाहेरून पाहिले तर काहीच नाही. मातीच्या उंच आवारात मातीचीच नऊ बसकी मंदिरे आणि काही स्तूप. शिखर नाही, कळस नाही, खिडकी नाही. लखलखीत उन्हातून आम्ही मुख्य मंदिरात शिरलो आणि डोळ्यांपुढे काळोख पसरला. छतातील एका झरोक्यातून थोडासा उजेड येत होता तेवढाच. मी दाराशी उभा राहून पाठ केलेली माहिती सांगू लागलो : स्थापना ९९६, पश्चिम तिबेटातील गुगेचा राजा येशे-ओ याच्या प्रेरणेने, शेहेचाळीस वर्षांनी, १०४२ मध्ये, त्याच्या वंशातील जांगचुब-ओ याने जीर्णोद्धार केला...

"अहो, मला अजून काही दिसतच नाही," सौ. हळूच म्हणाली. "जरा थांबू या ना."

मी घड्याळ पाहिले. "याच रस्त्याने परत यायचं आहे. येताना निवांत थांबू."

परतीच्या रकान्यात ताबोचे नाव नव्हते. मला ते ठाऊक होते, तिला नव्हते.

काझाची रात्र

काझा सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. अडीचला पोचलो, जेवलो, आणि ऊन छान आहे म्हणून मी मंडळींना लगेच की मठाकडे काढले. की मठ ४,१६६ मीटरवर, एका सुळक्याला मधाच्या पोळ्यासारखा चिकटलेला. खाली स्पितीचे रुंद पात्र, त्यात पाण्याच्या चांदीच्या तारा गुंतलेल्या. वर्णन करावयास बसलो तर पाने भरतील. पण खरे सांगावयाचे तर त्या वेळी सौ. पायरीवर डोके धरून बसली होती आणि मी, 'चढण लागली असेल, होईल बरे,' म्हणून पुढे निघून गेलो होतो. तिचे डोके दुपारपासूनच ठणकत होते. माझा विरस होऊ नये म्हणून ती बोलली नव्हती.

रात्री दोनला तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. उठून बसवेना, पडून राहवेना, श्वास वर वर लागू लागला. कन्येने बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे यंत्र आणले होते. त्याच्यावरचा आकडा पाहून तिचा चेहरा उतरला. बाहेर हाडे गोठवणारी थंडी आणि अंधार. घरापासून दोन हजार किलोमीटरहून दूर, अनोळखी गावात, आपल्या हट्टापायी आणलेल्या माणसाचे डोके मांडीवर घेऊन बसताना मनात काय काय येते, ते मी येथे लिहीत नाही.

चालक हाक मारताच उठले. गावातल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी तपासले, प्राणवायूची नळी लावली, आणि मला शांतपणे समजावून सांगितले. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने दोन-तृतीयांशच उरतो. प्रत्येक श्वासाबरोबर प्राणवायू त्या मानाने कमी मिळतो. शरीर ही तूट भरून काढण्यास शिकते, श्वास वाढवते, रक्तात बदल करते; पण त्याला दिवस द्यावे लागतात. तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम पाचशे मीटरहून अधिक चढवू नये, आणि डोके दुखू लागले तर एक पाऊलही वर जाऊ नये.

"आणि तुम्ही काल एका दिवसात कल्प्याहून कीपर्यंत गेलात," ते म्हणाले. त्यांनी मला दोष दिला नाही. माझ्या वहीतला हिशोबच त्यांनी मला वाचून दाखवला. "उजाडलं की खाली उतरा. ताबो इथून पावणेचारशे मीटरनं खाली आहे. तिथे बरं वाटलं तर थांबा, नाही तर न थांबता आणखी खाली जा. यावर मुख्य औषध उतरणं हेच."

दवाखान्याच्या बाकावर कन्येने माझ्या हातातून वही काढून घेतली. "बाबा, आता ही माझ्याकडे राहू दे," एवढेच म्हणाली. किब्बर, हिक्किमचे डाकघर, पिन खोरे, सगळे त्या वहीत राहिले. पिन आणि स्पिती यांच्या संगमावर कड्यावर टेकलेले धनकर, स्पितीची जुनी राजधानी, आम्ही उतरताना रस्त्यावरूनच पाहिले. थांबण्याचे नाव कोणी काढले नाही, मीही नाही.

डोळे सरावले

ताबोच्या मठाच्या अतिथिगृहात आम्ही उतरलो. दुपारपर्यंत सौ.ला झोप लागली. संध्याकाळी तिने कपभर चहा मागितला, आणि त्या चहाइतका आनंद मला कोणत्याही शिखराने दिलेला नाही. त्या दिवशी आम्ही फक्त खाटेवर बसून समोरच्या डोंगरातील गुहा पाहिल्या. पूर्वी भिक्षू तेथे राहत आणि ध्यान करीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच म्हणाली, "चला, मंदिरात जाऊ. मात्र तुम्ही बोलायचं नाही."

आम्ही आत जाऊन भिंतीशी बसलो. पहिली काही मिनिटे तोच परवाचा काळोख. मग हळूहळू, जणू कोणी पडदा सारावा तसे, भिंतीवर आकार उमटू लागले. प्रथम चारी बाजूंना, डोक्याच्या वर, मातीच्या मूर्ती दिसू लागल्या. तिसाहून अधिक, भिंतीतून बाहेर येऊन अधांतरी बसलेल्या. पुढे मध्यभागी एकमेकांना पाठ लावून चारी दिशांना पाहणारा चतुर्विध वैरोचन. तो आणि भोवतालच्या मूर्ती मिळून एक मंडलच होते. म्हणजे आपण चित्रासमोर नव्हे, चित्राच्या आत बसलो आहोत! मग निळा रंग उमलला, मग तांबडा, मग चेहऱ्यांच्या बारीक रेषा. छताकडे पाहिले, तर त्यावर विणलेल्या वस्त्रासारखी नक्षी रंगवलेली. उन्हातून अंधारात आल्यावर डोळे पुरते सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात, असे कन्येने नंतर सांगितले. परवा आम्ही बाहेर पडलो तो नेमका दिसू लागण्याचा क्षण होता.

सौ. कुजबुजत दाखवू लागली. ही काश्मीरच्या चित्रकारांची शैली. परंपरा सांगते की रिंचेन झांगपो हा महान भाषांतरकार (९५८ ते १०५५) काश्मीरला जाऊन संस्कृत शिकला, ग्रंथ तिबेटीत आणले आणि येताना कारागीरही घेऊन आला. अजिंठ्याची उत्तरकालीन चित्रे पाचव्या शतकातली; म्हणजे मध्ये पाचशे वर्षे गेली, शेकडो मैल गेले, तरी डोळ्यांची ठेवण आणि बोटांची लय ओळखीची वाटते, असे तिचे म्हणणे. मी मनाशी हिशोब करीत होतो : ज्ञानेश्वरी १२९० ची. माउलींनी गीता मराठीत आणली त्याच्या तीनशे वर्षे आधी, या बर्फाच्या मुलखात कोणी असेच परक्या भाषेतले धन आपल्या माणसांच्या भाषेत आणीत होता.

एका भिंतीवर बुद्धाचे चरित्र आहे. दुसरीवर सुधनाची कथा. मी तिच्यापुढून हलेना. गंडव्यूह नावाच्या महायान सूत्रात ही कथा येते. सुधन हा एका व्यापाऱ्याचा मुलगा. ज्ञानाच्या शोधात निघतो आणि एकामागून एक पन्नासहून अधिक गुरूंकडे जातो. त्यांत भिक्षू आहेत, राजे आहेत. पण नावाडी आहे, सोनार आहे, गंधी आहे, वाळूत खेळणारा एक मुलगा आहे आणि एक गणिकाही आहे. प्रत्येक जण आपल्याजवळचे देतो आणि म्हणतो, मला एवढेच ठाऊक, पुढच्या गुरूकडे जा. एकनाथांनी १५७३ मध्ये काशीत पूर्ण केलेल्या भागवतात अवधूताचे चोवीस गुरू येतात. पृथ्वी, वारा, कपोत, बाण घडवणारा कारागीर, आणि पिंगला गणिका. हे प्रकरण मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. 'कोणाहीकडून शिकता येते, मात्र त्याच्यापाशी थांबावे लागते,' असे मुलांना सांगतो. आणि कल्प्याला माझ्या शेजारी बसलेल्या गुरूने, हिरव्या पट्टीची टोपी घालून, जे साध्या शब्दांत सांगितले होते ते मला ऐकू आले नव्हते.

बाहेर एक वृद्ध लामा अंगणात बसले होते. त्यांना मोडके हिंदी येत होते, मलाही. मी विचारले, "मातीची भिंत हजार वर्षं कशी टिकली?" ते हसले. "हात फिरत राहिला म्हणून. बर्फ पडलं की आधी छपरावरचं बर्फ ओढायचं, मग जेवायचं. भेग पडली की माती लावायची."

अजिंठा आणि ताबो यांतला फरक मला तेथे कळला. अजिंठा कातळात कोरलेला. माणसे निघून गेली, रान माजले, आणि १८१९ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडेपर्यंत जगाला त्याचा विसर पडला होता. पण कातळाने चित्रे जपली. ताबो नुसत्या मातीचे. त्याला कातळाचा आधार नाही. ते माणसांनी जपले. १९ जानेवारी १९७५ च्या किन्नौरच्या भूकंपात त्याला तडे गेले. त्यानंतर गावाने आणि मठाने शेजारी नवे सभागृह उभारले. १९८३ मध्ये, आणि हजार वर्षे पूर्ण झाली तेव्हा १९९६ मध्ये, दलाई लामांनी येथे कालचक्र विधी केला. आज जुन्या मंदिरांची देखरेख पुरातत्त्व खाते करते. आत छायाचित्र घेऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

लामांची एकच काळजी होती. "बर्फ झाडता येतं," ते म्हणाले. "पाऊस कसा झाडणार?" ज्या मुलखात पाऊस नाही अशा भरवशावर ही छपरे बांधली, हवा बदलू लागली आणि पाऊस येऊ लागला, तर ओल आतल्या निळ्या रंगापर्यंत पोचावयास वेळ लागणार नाही.

वाचकांपैकी कोणी तिकडे जाणार असतील तर एवढेच सांगतो. सिमल्याच्या बाजूनेच चढा. त्या वाटेने उंची बेताबेताने वाढते. कल्पा, नाको, ताबो असे मुक्काम करा, मगच काझा. वृद्धांना आणि दमेकऱ्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका. डोके दुखले तर लपवू नका. आणि बरोबरचे माणूस पायरीवर बसले, तर त्याच्याजवळ बसा.

निघण्याच्या सकाळी मी सौ.ला परतीच्या रकान्याची गोष्ट सांगून टाकली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला माहीत होतं. वही मी कल्प्यालाच वाचली होती. म्हटलं, बघू या तुमचे तुम्हाला कधी कळतं ते."

वही घरी आल्यावर कन्येने परत दिली. सातव्या दिवसाच्या नोंदीतील 'वीस मिनिटे' हे शब्द तसेच आहेत. पण त्याच्या समोरच्या कोऱ्या पानावर सौ.ने आठवणीने पेन्सिलीचे एक चित्र काढले आहे. काठी घेऊन चाललेला सुधन, आणि पुढे हिरव्या पट्टीच्या टोपीतला, मोटारीच्या चाकाशी बसलेला त्याचा गुरू.